गावचं सामुदायिक औषधालय: दर्जा आणि सुरक्षिततेचे किमान नियम (मसुदा, चर्चेसाठी)

खलबत्ता:
गावाने मिळून चालवायच्या छोट्या औषधालयासाठी नियम लिहायला घेतले की बहुतेक मसुदे मोठ्या रुग्णालयाच्या नियमावलीवरून उतरवले जातात. तक्तेच तक्ते, सह्याच सह्या, आणि दुसऱ्या महिन्यापासून कोणी काही भरत नाही. इथे उलट बाजूने सुरुवात करू. एक खोली, दोन-तीन कपाटं, एक घरगुती फ्रिज, एक शिकलेला औषधनिर्माता आणि एक मदतनीस एवढंच हाताशी धरलं, तर त्यात काय पाळलंच पाहिजे?

मुख्य अडचण अशी की औषध बिघडलेलं बरेचदा दिसत नाही. रंग तोच, स्ट्रिप चकचकीत, आणि आतला घटक घटलेला, असं होऊ शकतं. त्यामुळे 'उघडून बघितलं, चांगलं वाटलं' ही सगळ्यात कमकुवत तपासणी. औषध आलं कुठून, वाटेत आणि कपाटात त्याने किती उष्मा सोसला, कोणी मोजून दिलं, हे लिहिलेलं असेल तरच दर्जाबद्दल काही बोलता येतं. कच्चा मसुदा:

१. परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडूनच खरेदी. बिलावर बॅच नंबर आणि एक्सपायरी नसेल तर माल कपाटात चढणार नाही.
२. खोलीचं तापमान रोज दोनदा नोंदवायचं, ३० अंशांच्या आत ठेवायचं.
३. मांडणी 'आधी मुदत संपणारं आधी'. आधी आलेलं आधी, असं नव्हे.
४. फ्रिज २ ते ८ अंश. खाण्यापिण्याचं काही आत नाही.
५. देताना नाव तीनदा वाचायचं: उचलताना, मोजताना, परत ठेवताना.
६. प्रत्येक पाकिटावर कसं घ्यायचं ते लिहून द्यायचं, आणि घेणाऱ्याकडून वदवून घ्यायचं.
७. दिलेल्या प्रत्येक औषधाचा बॅच नंबर रुग्णाच्या नावासमोर.
८. मुदत संपलेलं आणि घरून परत आलेलं वेगळ्या, कुलूपबंद डब्यात.
९. चुकांची वही. थोडक्यात टळलेल्या चुकासुद्धा त्यात.

फोडून काढा. कुठला नियम अपुरा आहे, कुठला पाळता येणार नाही, ते सांगा.

सुतारपक्षी:
दोन नंबरपासून सुरू करतो, कारण कागदावर सगळ्यात सोपा दिसणारा आणि प्रत्यक्षात सगळ्यात खोटा पाळला जाणारा नियम तोच. महिनाभराच्या तक्त्यात २७, २७, २७ असे एकसारखे आकडे दिसले की समजावं, तापमापक कोणी बघितलेला नाही. खऱ्या नोंदी वर-खाली होतात.

कमाल-किमान दाखवणारा तापमापक घ्या. साधा तापमापक बघितलं त्या क्षणाचंच सांगतो. रात्री, सुट्टीच्या दिवशी, दुपारी दार बंद असताना काय झालं ते कमाल-किमानवर कळतं. आकडा लिहून झाला की तो रीसेट करायचा. हे विसरलं तर मागच्या आठवड्याचाच कमाल आकडा रोज उतरवला जातो.

तो टांगायचा कुठे, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. दाराशी, पंख्याखाली किंवा टेबलावर नको. सगळ्यात तापणाऱ्या फळीवर हवा. ती फळी शोधायला ऐन उन्हाळ्यात आठवडाभर तीन-चार तापमापक वेगवेगळ्या जागी ठेवून बघा: वरची फळी, पश्चिमेची भिंत, खिडकीशेजारी, खालचा कप्पा. पत्र्याच्या छताखाली वरची आणि खालची फळी यांत चांगलाच फरक निघतो. छत पत्र्याचं असेल तर आतून दुसरं छत घालून मधे हवेची पोकळी ठेवणं आणि पत्र्याला वरून पांढरा रंग देणं, ही दोन कामं यंत्राच्या आधी करावीत.

मालाचे खोके जमिनीपासून किमान १० सेंमी उंच आणि भिंतीपासून ३० सेंमी दूर. भिंतीची ओल खोक्यात चढत नाही, झाडू फिरतो, उंदराची लेंडी आणि वाळवी लगेच दिसते.

रानजाई:
सरासरी ३० च्या आत राहिली तर पुरे ना? दुपारी ३५ झालं तरी रात्री २५ होतंच की.

सुतारपक्षी:
रानजाई, तिथेच गफलत होते. औषध बिघडण्याचा वेग तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, उष्म्यात तो झपाट्याने चढतो. त्यामुळे दुपारच्या तापाची भरपाई रात्रीचा गारवा पूर्ण करू शकत नाही. साठवणीच्या शास्त्रात यासाठी साध्या सरासरीऐवजी 'गतिज सरासरी' धरतात, म्हणजे जास्त उष्म्याच्या तासांना जास्त वजन देणारी सरासरी. निम्मा वेळ २५ आणि निम्मा वेळ ३५ असेल तर साधी सरासरी ३० येते, पण गतिज सरासरी ३१ च्या थोडी वर जाते. फरक छोटा वाटतो, पण दुपार ४० ची झाली की तो चांगलाच वाढतो. गावपातळीवर गणित करत बसू नका. कमाल आकडा ३० च्या वर गेला की तो लाल पेनाने लिहायचा आणि शेजारी काय केलं ते लिहायचं, मग ते खिडकीला पडदा असो की माल खालच्या फळीवर हलवणं असो. 'काय केलं' हा रकाना नसलेला तक्ता फक्त भिंत झाकतो.

रानजाई:
पटलं. मग उन्हाळ्यात नाजूक गोळ्या फ्रिजमध्ये ठेवल्या तर? बऱ्याच ठिकाणी ठेवतात.

मोजमाप:
नको! फ्रिजमधून बाहेर काढलेल्या थंड डब्यावर हवेतलं बाष्प धरतं. डबा उघडला की तेच पाणी गोळ्यांवर. रोज दहा वेळा काढ-घाल झाली की उष्म्याने झालं नसतं ते नुकसान ओलीने होतं. वेष्टनावर २ ते ८ अंश छापलेलं नसेल तर फ्रिज ही त्या औषधाची जागा नाही.

ओलीला भिणारी औषधं ओळखून ठेवावीत. अॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल ओलीने फार लवकर बिघडतं. अॅस्पिरिनचा डबा उघडल्यावर आंबट, शिरक्यासारखा वास आला की ती मोडायला लागली आहे. पाण्यात विरघळणाऱ्या फेसाळ गोळ्या फुगतात. ओआरएसची पावडर दगडासारखी घट्ट झाली किंवा तपकिरी पडली तर बाद. डब्यातली सिलिका जेलची पुडी फेकायची नाही, आणि एका डब्यातल्या गोळ्या दुसऱ्यात ओतायच्या नाहीत. ओतलं की बॅच, एक्सपायरी आणि पुडी, तिन्ही एकदम हरवतात. खोलीतली आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांच्या आत हवी. आर्द्रतामापक तापमापकातच मिळतो, तोच घ्या.

आणखी एक: हृदयविकारात जिभेखाली ठेवायच्या ग्लिसरिल ट्रायनायट्रेटच्या गोळ्या मूळ काचेच्या बाटलीतच द्यायच्या. घटक उडून जातो आणि प्लास्टिकमध्ये, कागदात शोषला जातो. चार गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून दिल्या, तर छातीत दुखेल तेव्हा त्या उपयोगी पडतीलच असं नाही.

निशिगंध:
फ्रिजबद्दल मी लिहिते. लोक फ्रिज गरम होण्याला घाबरतात, पण इन्सुलिनचं जास्त नुकसान गोठण्याने होतं. तासभर १२ अंशांवर गेलेलं इन्सुलिन बहुधा वाचतं. एकदा गोठलेलं मात्र कायमचं गेलं, आणि वितळल्यावर कुपी दिसायला नेहमीसारखीच असू शकते. म्हणून कुपी मागच्या भिंतीला किंवा बर्फाच्या कप्प्याला टेकायला नको, आणि दारातही नको, कारण तिथे प्रत्येक उघडझाकीला झळ लागते. मधली फळी, जाळीदार डबा, चारी बाजूंनी हवा फिरेल एवढी जागा.

दारात आणि भाजीच्या कप्प्यात पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवा. वीज गेली की त्याच गारवा धरून ठेवतात, आणि जागाच नसल्यामुळे कोणी जेवणाचा डबाही ठेवत नाही. तापमापकाचा संवेदक पाण्याच्या किंवा ग्लिसरीनच्या छोट्या बाटलीत बुडवून ठेवा. नुसता हवेत लोंबकळत असेल तर दार उघडलं की आकडा उडी मारतो आणि औषधाचं खरं तापमान कळत नाही.

आपला फ्रिज वीज नसताना किती वेळ धरतो, ते आधीच मोजून ठेवा. औषध बाहेर काढायचं, बाटल्या आतच ठेवायच्या, फ्रिज बंद करायचा आणि आतलं तापमान ८ वर जायला किती तास लागतात ते बघायचं. उन्हाळ्यात एकदा, हिवाळ्यात एकदा. तो आकडा दारावर चिकटवा. तेवढा वेळ उलटायच्या आत शीतपेटी भरायची. शीतपेटीत घालायचे बर्फाचे पॅक फ्रीजरमधून थेट नकोत. बाहेर ठेवून कानाशी हलवायचे, आत पाणी खळखळलं की वापरायचे. थेट घातलेल्या पॅकला कुपी टेकली की ती गोठते, म्हणजे वाचवायला गेलो त्यातच औषध संपलं.

८ च्या वर गेलेला माल लगेच फेकू नका, विकूही नका. वेगळा काढा, चिठ्ठी लावा: किती अंश, किती तास. मग औषधासोबतचं माहितीपत्रक बघून किंवा कंपनीला विचारून ठरवा. बहुतेक इन्सुलिनं उघडल्यावर खोलीच्या तापमानात साधारण २८ दिवस चालतात, नेमका आकडा त्या-त्या पत्रकात असतो. कुपीवर 'उघडली: तारीख' लिहायला रुग्णाला द्यायच्या आधीच जागा करून द्या.

खलबत्ता:
निशिगंध, फ्रिजचा धारणकाल मसुद्यात घेतो. हा आकडा प्रत्येक फ्रिजचा वेगळा, त्यामुळे तो छापील नियमावलीत सापडणं शक्यच नव्हतं.

मोजमाप:
मसुद्यात लहान मुलांच्या पातळ औषधांबद्दल एक ओळही नाही. खरं तर सगळ्यात जास्त लिहायला हवं ते तिथे.

पॅरासिटामॉल घ्या. द्रवरूपात ते निदान तीन ताकदींत मिळतं: ५ मिलित १२० मिग्रॅ, ५ मिलित २५० मिग्रॅ, आणि ड्रॉप्स, १ मिलित १०० मिग्रॅ. मात्रा वजनावर, दर वेळी किलोमागे १० ते १५ मिग्रॅ. १० किलोच्या मुलाला १५ च्या हिशेबाने १५० मिग्रॅ लागले. म्हणजे पहिल्यातून सव्वासहा मिलि, दुसऱ्यातून ३ मिलि आणि ड्रॉप्समधून दीड मिलि. आता घरात 'एक चमचा द्यायचा' एवढंच लक्षात राहिलं आणि हातात ड्रॉप्सची बाटली आली, तर ५ मिलित ५०० मिग्रॅ गेले. दिवसातून चार वेळा तसंच दिलं तर २००० मिग्रॅ, किलोमागे २००. ही मात्रा यकृताला इजा करण्याच्या पातळीची आहे. औषध अस्सल, बॅच ठीक, तापमान ठीक, तरी मूल अत्यवस्थ.

म्हणून तीन गोष्टी. एक, शक्यतो एकच ताकद ठेवावी. ड्रॉप्स ठेवायचेच असतील तर वेगळ्या कपाटात. दोन, पाकिटावर 'चमचा' हा शब्द लिहायचा नाही, फक्त मिलि. घरातले चमचे लहान-मोठे असतात. तीन, प्रत्येक पातळ औषधाबरोबर तोंडाने द्यायची सुई नसलेली सिरिंज द्या आणि जिथपर्यंत ओढायचं तिथे पक्क्या शाईने रेघ मारून द्या. मापाची टोपी दिली तर ती टेबलावर ठेवून डोळ्यांच्या रेषेत बघायला सांगा. हातात धरून वरून बघितलं की माप चुकतं.

पाणी घालून तयार करायच्या सिरपात एक बारकी चूक फार होते. बाटली आधी हलवून पावडर सुटी करायची. मग उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या निम्म्यापर्यंत घालून जोरात हलवायचं. फेस बसू द्यायचा. मग खुणेपर्यंत भरायचं. फेसासकट खुणेपर्यंत भरलं तर पाणी कमी पडतं आणि प्रत्येक मात्रा कडक होते. तळाशी गोळा राहिला तर पहिले दिवस पातळ आणि शेवटचे दिवस जहाल. हे काम औषधालयातच करून द्यावं, घरी सोपवू नये. तयार केल्याची तारीख आणि फेकायची तारीख, दोन्ही बाटलीवर लिहा. अॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल तयार केल्यावर साधारण ७ दिवस, तेही फ्रिजमध्ये. घरी फ्रिज नसेल तर दुसरा पर्याय डॉक्टरांना विचारायचा, गप्प बसून द्यायचं नाही.

रानजाई:
ओआरएसही याच गटात घ्या. पुडी पेलाभर पाण्यात विरघळवतात.

मोजमाप:
हो. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या मिश्रणात एक लिटरसाठी २०.५ ग्रॅम पावडर असते: ग्लुकोज १३.५, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. हे प्रमाण काटेकोर आहे. ती पुडी पेल्यात विरघळवली तर मिठाचं प्रमाण कितीतरी पट होतं आणि जुलाबाने आधीच सुकलेल्या मुलाच्या रक्तात सोडियम धोकादायक चढतं. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या हेही नको, कारण अर्धं नेमकं होत नाही. छोट्या पुड्याही मिळतात, २०० मिलिच्या. दोन्ही मापाच्या पुड्या एका डब्यात ठेवू नका. पुडी देताना एक लिटरचं भांडं किंवा खूण केलेली बाटली दाखवायची, २४ तासांनंतर उरलेलं ओतून द्यायचं असं सांगायचं. लहान मुलाच्या जुलाबात बरोबर झिंक: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिग्रॅ, त्याहून लहान असेल तर १०, दहा ते चौदा दिवस. जुलाब थांबले की घरचे मधेच झिंकही थांबवतात, म्हणून दिवस मोजून गोळ्या द्या.

काचकपाट:
स्ट्रिप कापण्याबद्दल कोणीच बोललं नाही. दहाच्या स्ट्रिपमधून चार द्यायच्या असतात तेव्हा कात्री कुठून लागते ते बघा. बॅच नंबर आणि एक्सपायरी बहुतेक एकाच टोकाला उठवलेली असते. त्या टोकाकडून चार कापल्या तर कपाटात सहा अनोळखी गोळ्या राहतात: कुठल्या बॅचच्या, कधी संपणार, काही पत्ता नाही. म्हणून नेहमी उलट्या टोकाकडून कापायचं. तारखेचं टोक शेवटपर्यंत कपाटात. रुग्णाला गेलेल्या तुकड्यावर तारीख नसते, ती पाकिटावर हाताने लिहायची. कापताना खळगा फुटला तर ती गोळी बाद, चिकटपट्टी लावून द्यायची नाही.

सुट्या गोळ्या मोजायला ताटली आणि चपटी पट्टी. तळहातावर नाही. पेनिसिलिन गटातल्या गोळ्या मोजून झाल्या की ताटली पुसल्याशिवाय दुसरं काही त्यात पडता कामा नये. ज्याला त्याची अॅलर्जी आहे त्याला ताटलीतल्या भुकटीचाही त्रास होऊ शकतो. ७० टक्के अल्कोहोलने पुसा, वाळू द्या.

तीन नंबरच्या नियमात भर: एक्सपायरी '०६/२०२७' असेल तर जून महिन्याच्या अखेरपर्यंत. पण देताना आजची तारीख बघून भागत नाही, शेवटची गोळी ज्या दिवशी घेतली जाईल ती तारीख बघायची. दोन महिन्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या द्यायच्या आणि एक्सपायरी तीन आठवड्यांवर, हे चालणार नाही. तीन महिन्यांच्या आत संपणाऱ्या मालावर महिन्याच्या एक तारखेला लाल ठिपका लावा.

निशिगंध:
पाच नंबरबद्दल. तीनदा वाचणं चांगलं, पण नाव चुकीचं वाचण्याची सवयच जडली असेल तर तिन्ही वेळा तसंच वाचलं जातं. सारखी वाटणारी नावं आधीच भिंतीवर लावून कपाटात लांब-लांब ठेवायला हवीत. मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडाझोल: एक मधुमेहाचं, एक जंतुसंसर्गाचं, दोन्ही ५०० च्या ताकदीत मिळतात आणि वर्णानुक्रमे लावली की शेजारी-शेजारी येतात. कार्बामाझेपिन आणि कार्बिमाझोल: एक फिटचं, एक थायरॉइडचं. अॅझाथायोप्रिन आणि अॅझिथ्रोमायसिन: एक प्रतिकारशक्ती दाबणारं, एक जंतुसंसर्गाचं. अशी जोडी वेगळ्या फळीवर ठेवायची आणि रिकाम्या जागी रंगीत पाटी लावायची: 'इथे नाही, खाली बघा'. क्षणभर थांबायला लावणं हेच त्या पाटीचं काम.

दुसरा उपाय म्हणजे चिठ्ठीवरचा आजार आणि औषध जुळतंय का ते विचारणं. 'कशासाठी दिलंय?' एवढा प्रश्न पुरतो. जुलाबासाठी आलेल्या माणसाच्या हातात मेटफॉर्मिन दिसलं की तिथेच कळतं.

आणि मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. रोज घेतलं तर अस्थिमज्जा काम सोडते, माणूस दगावू शकतो. पाकिटावर 'आठवड्यातून एकदा' एवढं लिहून पुरत नाही, वार लिहायचा: 'फक्त सोमवारी'. एका वेळी चार आठवड्यांपेक्षा जास्त द्यायचं नाही. हे औषध मदतनीसाने देऊ नये, औषधनिर्मात्यानेच द्यावं, असा स्वतंत्र नियम हवा.

सुतारपक्षी:
सात नंबरवर माझा आक्षेप आहे. प्रत्येक गोळीचा बॅच नंबर प्रत्येक नावासमोर लिहायचा, हे दिवसाला पन्नास-साठ माणसं येत असतील तर होणार नाही. झालं तरी घाईत चुकीचं लिहिलं जाईल.

खलबत्ता:
सुतारपक्षी, आक्षेप रास्त आहे, पण नियम पूर्ण काढता येणार नाही. अमेरिकेत १९३७ साली सल्फानिलामाइडचं एक द्रव औषध डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रावकात बनवून विकलं गेलं. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यांत बरीच मुलं. बाटल्या परत मिळवताना अधिकाऱ्यांना विक्रेत्यांच्या नोंदी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या धुंडाळत घरोघर जावं लागलं. त्यानंतर, विकण्याआधी औषध सुरक्षित असल्याचं दाखवायला लावणारा १९३८ चा कायदा तिथे आला. तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला गांबियात सापडलेल्या मुलांच्या चार सिरपांबद्दल इशारा द्यावा लागला. विष त्याच गटातलं, डायएथिलीन आणि एथिलीन ग्लायकॉल. हे द्रव गोडसर आणि रंगहीन असतात. औषधालयात बसून ते ओळखण्याचं कुठलंही साधन आपल्याकडे नाही. आपल्या हातात एकच गोष्ट: इशारा आला की ती बॅच कोणाकोणाच्या घरी आहे ते तासा-दोन तासांत सांगता येणं.

काचकपाट:
मधला रस्ता आहे. देण्याच्या कपाटात एका औषधाची एका वेळी एकच बॅच उघडी ठेवायची, बाकी साठ्याच्या कपाटात बंद. बॅच उघडली त्या दिवशी एका वहीत ओळ: औषध, बॅच, उघडल्याची तारीख. संपली की तिथेच संपल्याची तारीख. रुग्णांच्या वहीत नुसतं औषध आणि तारीख असते, ती असतेच. उद्या एखाद्या बॅचबद्दल इशारा आला तर दोन तारखांच्या मधे ते औषध कोणाला गेलं, एवढंच शोधायचं. रोजचं लिहिणं जवळजवळ शून्य. मुलांची सिरपं, इंजेक्शनं आणि इन्सुलिन मात्र नावासमोर बॅचसह, तिथे सूट नको.

सुतारपक्षी:
हे मान्य. एक अट घाला: दर तीन महिन्यांनी कुठलीही एक बॅच निवडून सराव करायचा. घड्याळ लावून यादी काढायची. पहिल्या सरावात यादी अपुरी निघतेच, आणि कुठे गळती आहे ते तिथेच कळतं.

रानजाई:
सहा नंबर. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी काय? आणि 'समजलं का?' विचारलं की सगळे 'हो' म्हणतात.

निशिगंध:
त्यांच्यासाठी पाकिटावर चार चौकोन: उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, मावळता सूर्य, चंद्र. ज्या चौकोनात जितक्या गोळ्या तितके ठिपके. अर्धी गोळी असेल तर अर्धा भरलेला गोल. जेवणाआधी की नंतर ते ताटाच्या चित्राने: रिकामं ताट, भरलेलं ताट. हे शिक्के एकदाच करून घ्यायचे.

आणि 'समजलं का?' हा प्रश्न बंद करा. 'आता घरी गेल्यावर यातली कुठली, केव्हा, किती घ्याल ते मला दाखवा' असं म्हणायचं आणि पाकीट त्यांच्या हातात द्यायचं. पाकीट पुढे करून बोट ठेवून दाखवलं की गोंधळ लगेच बाहेर येतो. बरेचदा चूक सांगणाऱ्याच्या बोलण्यात असते: 'आठ-आठ तासांनी' हे 'आठ वाजता' असं ऐकलं जातं. हे बोलणं आडोशाला करा, काउंटरवर चार माणसांसमोर नाही. पाळीचं, टीबीचं, मानसिक आजाराचं औषध घेणारा माणूस गावात सगळ्यांच्या ओळखीचा असतो. तो लाजेने काही न विचारता निघून गेला तर बाकी सगळी काळजी वाया.

रानजाई:
आठ नंबरमध्ये थोडी सूट द्यावी असं वाटतं. न उघडलेली, अख्खी स्ट्रिप परत आली, मुदत वर्षभराची आहे. गरजूला मोफत दिली तर काय बिघडलं?

मोजमाप:
ती स्ट्रिप घरी कुठे होती ते माहीत नाही. चुलीजवळच्या फळीवर, उन्हातल्या खिडकीत, गाडीच्या डिकीत? कपाटात तापमान लाल पेनाने लिहायचं आणि घरून आलेली स्ट्रिप त्याच कपाटात ठेवायची, म्हणजे आधीचं सगळं लिहिणं फुकट. गरजूला मोफत द्यायचं तर औषधालयाच्या साठ्यातलं द्या. परत आलेलं घ्या जरूर, म्हणजे ते घरात मुलाच्या हाती लागणार नाही, पण नष्ट करण्यासाठीच. संडासात, ओढ्यात, उघड्या आगीत टाकायचं नाही. घाऊक विक्रेत्यामार्फत किंवा अधिकृत जैववैद्यकीय कचरा व्यवस्थेकडे, यादी आणि पावतीसह. देण्याआधी स्ट्रिपवर शाईची फुली आणि बाटल्यांची लेबलं फाडून. रिकामी, लेबल शाबूत बाटली बनावट औषधवाल्याच्या कामाची असते.

काचकपाट:
बनावटीचा विषय निघालाच आहे तर एक नंबरला पुरवणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या अंदाजाप्रमाणे अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहातलं सुमारे एक औषध दर्जाहीन किंवा बनावट असतं. माल उतरवताना खोक्यावरचा, आतल्या डबीवरचा आणि स्ट्रिपवरचा बॅच नंबर जुळतो का ते बघा. तिन्ही जुळायला हवेत. छपाईतली स्पेलिंगची चूक, आधीच्या खेपेपेक्षा वेगळी छटा, सहज निघणारं सील, नेहमीपेक्षा फार मोठी सूट: यातलं एक जरी असेल तर माल वेगळा, विक्रेत्याला आणि औषध निरीक्षकाला कळवायचं. जुनी स्ट्रिप नमुना म्हणून ठेवली तर शेजारी धरून बघता येतं. पण पुन्हा तेच, चांगली बनावट डोळ्यांना सापडत नाही. रुग्ण येऊन 'या वेळच्या गोळ्यांनी गुण येत नाही' म्हणाला तर त्याला वाटेला लावू नका. बॅचसह चुकांच्या वहीत लिहा. एकाच बॅचबद्दल दोघे-तिघे तसंच म्हणाले की ती बॅच थांबवायची.

खलबत्ता:
मसुद्यातले बदल: दोनमध्ये कमाल-किमान तापमापक, रीसेट आणि 'काय केलं' हा रकाना. चारमध्ये धारणकाल दारावर. पाचमध्ये सारख्या नावांची यादी, मेथोट्रेक्सेट फक्त औषधनिर्मात्याच्या हातून. सहामध्ये चित्रांचे चौकोन आणि दाखवून घेणं. सात काचकपाट यांनी सांगितल्याप्रमाणे, तिमाही सरावासह. मुलांच्या पातळ औषधांचा दहावा नियम मोजमाप यांच्या प्रतिसादावरून उतरवून घेतोय, जवळजवळ शब्दशः. नऊ नंबरबद्दल अजून कोणी लिहिलं नाही. चुकांच्या वहीत चूक करणाऱ्याचं नाव असावं का? माझं मत नसावं असं आहे, पण ते नसलं तर कोणाला परत शिकवायचं ते कसं कळणार?

निशिगंध:
नाव नको. काम लिहा: 'मोजताना', 'लेबल लिहिताना', 'कपाटातून उचलताना', आणि वेळ. महिन्याअखेरीस उचलतानाच्या चुका जास्त निघाल्या तर कपाटाची मांडणी बदला, दुपारी एक ते दोन या वेळात जास्त निघाल्या तर त्या वेळी दुसरा माणूस बसवा. नाव लिहायला लागलं की टळलेल्या चुका वहीत यायच्या थांबतात, आणि त्याच सगळ्यात उपयोगाच्या असतात. ज्याला शिकवायचं त्याला त्याच दिवशी बाजूला घेऊन दाखवता येतं, त्यासाठी वही लागत नाही.